कचेरी गेली, तर्फ राहिली

सातबाऱ्याच्या डोक्यावर एक ओळ असते. कर्जतकडच्या एका गावाच्या उताऱ्यावर ती अशी असते : गाव दहिवली तर्फ नीड, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. याच तालुक्यात आणखी एक दहिवली आहे, ती ‘दहिवली तर्फ वरेडी’. शेजारच्या खालापूर तालुक्यात ‘कांढरोली तर्फ बोरेटी’ भेटते. जमीन घेणारा, विकणारा, बोजा चढवणारा, वारसनोंद करणारा असे सगळेच हे नाव वाचतात, लिहितात आणि पुढे जातात. त्यातल्या ‘तर्फ’ या दोन अक्षरांपाशी क्वचितच कोणी थांबतो.

तर्फ म्हणजे परगण्याच्या पोटातला काही गावांचा गट. अरबीत ‘तरफ’ म्हणजे बाजू, दिशा. ‘सरकारतर्फे’, ‘मंडळातर्फे’ असे आपण रोज म्हणतो, तोच हा शब्द. मुलूख मोठा असला की त्याच्या बाजू पाडाव्या लागतात, आणि प्रत्येक बाजूचा हिशेब ठेवायला एक माणूस व एक जागा लागते. आज तर्फेचा अधिकारी नाही, कचेरी नाही, नकाशावर हद्दही नाही. पण दोन दहिवली एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या तर त्या मोडीत निघालेल्या कारभाराचाच आधार घ्यावा लागतो. खोपोलीजवळच्या हाळ गावाचेही तसेच. हाळ बुद्रुक आणि हाळ खुर्द. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरला याचे रूप, आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. महसुलाच्या कारकुनाने दोन गावांना थोरले-धाकटे केले, आणि ते नाते आजही कागदावर तसेच नांदते आहे.

त्याच ओळीतले पुढचे शब्द घ्या. ‘तालुका’ हा अरबी ‘तअल्लुक’चा वंशज. त्याचा अर्थ संबंध, जोडलेले असणे, एखाद्याच्या आधाराने लोंबणे. ‘जिल्हा’ तर सरळ माणसाच्या शरीरातून आला आहे. अरबीत ‘ज़िल्अ’ म्हणजे बरगडी. बरगडीवरून बाजू, आणि बाजूवरून मुलखाचा एक भाग. ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे, आणि ‘महसूल’ म्हणजे जे गोळा झाले ते. दोन्ही एकाच धातूची लेकरे, ‘हासिल’ त्यांचे भावंड. ‘मामलेदार’ हा ‘मुआमला’ म्हणजे व्यवहार पाहणारा. ‘अंमल’, ‘अंमलदार’ आणि ‘मामला’ यांचे मूळ एकच. म्हणजे अंमल चालवणारा मामलेदार तहसील कचेरीत बसून महसूल गोळा करतो, या वाक्यात दोनच अरबी धातू आळीपाळीने काम करतात.

हे शब्द नुसते कागदावर राहत नव्हते. त्यांना घर होते. घराला दरवाजा, देवडी, चौक, ओसरी आणि मागे धान्याची कोठी होती. वसुली धान्यात व्हायची तेव्हा कारभार आणि शेती एकाच छपराखाली नांदत. हिशेबाची वही आणि भाताचे पोते यांच्यात एक भिंत असायची, तीही कच्ची.

अशी घरे जगभर होती. जर्मनीत त्यांना ‘आम्ट्सहोफ’ म्हणत. मधोमध मोठे अंगण, एका बाजूला अधिकाऱ्याचे राहते घर आणि कचेरी, दुसऱ्या बाजूला गोठा, तिसरीकडे धान्याचे कोठार. यातला ‘आम्ट’ म्हणजे सरकारी हुद्दा, खाते, आणि त्या खात्याखालचा मुलूखही. शब्दाचे मूळ मात्र नम्र आहे. गॉल प्रांतातल्या सरदारांच्या पदरी असलेल्या सेवकांना ज्यूलियस सीझरने ‘अंबाक्ती’ म्हटले आहे, तो या शब्दाचा पूर्वज. सेवकापासून सेवा, सेवेपासून हुद्दा, आणि हुद्द्यापासून हुकूम असा त्याचा प्रवास झाला. आपल्याकडेही माणूस ‘सरकारी नोकरीत’ असतो, आणि ‘नोकर’ हा शब्द अधिकाऱ्याच्या रुबाबाआड आपले मूळ काम धरून बसलेला असतो.

‘होफ’ त्याहून मोलाचा. अंगण, त्या अंगणाभोवतीची शेतवाडी आणि राजाचा दरबार, हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. जर्मन लोक रेल्वे स्टेशनलाही ‘बानहोफ’ म्हणजे गाडीचे अंगण म्हणतात. मराठीत याचा जोडीदार शोधायला लांब जायला नको. आपला ‘वाडा’ हाच तो. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. त्यातून प्राकृतात ‘वाड’ आणि मराठीत ‘वाडा’. कुंपणात गुरे कोंडली तर तो गुरांचा वाडा. कुंपणात माणसे राहिली तर धनगरवाडा. कुंपणाच्या जागी दगडी भिंत आली, दिंडीदरवाजा आला, आत पालखी थांबू लागली, की तो सरदाराचा वाडा. शनिवारवाडा आणि गुरांचा वाडा यांचे कूळ एकच आहे. आणि लहान कुंपण म्हणजे ‘वाटिका’, तिची झाली ‘वाडी’. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या सर्वत्र आहेत. बोरघाट चढणाऱ्या रेल्वेमार्गावर ठाकूरवाडी हे नाव आहे. त्या गाडीतून जाणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल की ही वाडी पेशव्यांच्या वाड्याची सख्खी लेक आहे!

वाड्याच्या आतला ‘चौक’ही असाच अर्थाने भरलेला. संस्कृत ‘चतुष्क’, चौकोनी जागा. घरातला चौक वेगळा, रस्त्यावरचा वेगळा, आणि खालापूर तालुक्यातले चौक गाव आणखी वेगळे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम या चौकला होता. तिथून ते समोरचा डोंगर चढून गेले आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आले. ठाण्याचा कलेक्टर चौकला कसा, असे आज कोणालाही वाटेल. पण त्या काळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. फिरत्या कलेक्टरची कचेरी म्हणजे त्याचा तंबू, आणि तंबू पडेल तो मुक्काम. अरबीत ‘मकाम’ म्हणजे उभे राहण्याची जागा. कागदावर ‘मुक्काम पोस्ट’ लिहिताना आपण अजून त्याच जागी उभे असतो.

वाड्यातली सर्वांत महत्त्वाची खोली कोठीची. संस्कृत ‘कोष्ठ’पासून कोठा, कोठी, आणि ‘कोष्ठागार’पासून कोठार. पोटालाही आपण कोठा म्हणतो, कारण धान्य शेवटी तिथेच जाते. कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, तो कोठावळा. हुद्दा गेला, आडनाव कोठावळे राहिले. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात हेच घडले. धान्याच्या कोठाराला तिथे ‘कास्टन’ म्हणत, त्याचा अधिकारी ‘कास्टनर’. आज कास्टनर हे तिथले साधे आडनाव आहे. शेतवाडीची व्यवस्था पाहणारा ‘मायर’ हा लॅटिन ‘मायोर’ म्हणजे थोरला या शब्दातून आला. त्या हुद्द्याचे आडनाव होऊन आज ते जर्मनीत घरोघर आहे, आणि त्याच लॅटिन शब्दाचे इंग्रजी रूप म्हणजे मुंबईचा ‘मेयर’, ज्याला सावरकरांनी ‘महापौर’ हा शब्द दिला. आपले पाटील, कुलकर्णी, देशमुख, खोत, चिटणीस, पोतनीस हे त्या कास्टनर-मायर मंडळींचेच भाऊबंद. जुन्या लेखांतला ‘पट्टकिल’ म्हणजे पाटील. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, म्हणून चिटणीस आणि फडणवीस.

फडणविसांचे नाव या भागात दगडात उरले आहे. खोपोलीचे तळे आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ नाना फडणवीसांनी बांधले. पुण्याहून घाट उतरणारा माणूस आणि जनावर दोघेही तहानलेले असत, आणि राज्याचा हिशेब ठेवणाऱ्याने पायथ्याला पाणी बांधून ठेवले. खालापूर तालुक्यातल्या महड गावी वरदविनायकाचे देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले असे सांगतात. ‘सुभेदार’, ‘फडणवीस’ हे कागदावरचे हुद्दे. पण तळे आणि देऊळ लोकांच्या वापरात राहिले, म्हणून बांधणाऱ्यांचे हुद्देही तोंडी राहिले.

आता जमिनीकडे येऊ. राज्यकर्त्याने रयतेला न देता स्वतःच्या ताब्यात ठेवलेली आणि माणसे लावून कसवून घेतलेली जमीन म्हणजे ‘शेरी’. इनामदारही आपली खास जमीन शेरी म्हणून राखत. जर्मनीत अशा जमिनीला ‘डोमेने’ म्हणतात, ‘मालकी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला आणि पुढे अनेक ठिकाणी जमीनमालकाला जाई, त्याला ‘त्सेन्ट’ म्हणजे दशमांश म्हणत. त्या धान्याची कोठारे युरोपात आजही जपलेली आहेत. आपल्याकडे चौथाई हा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी हा दहावा. घेणारे वेगळे, घेण्याचे कारण वेगळे. पण त्सेन्ट काय, चौथाई काय, वसुलीचे नाव आकड्यावरून पडावे ही रीत दोन्हीकडे एकच. ज्याला द्यावे लागते त्याला किती द्यायचे तेवढेच लक्षात राहते.

या घरांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय शब्दांचा इतिहास पुरा होत नाही. सरकारी शेत कसायला हात लागत, आणि ते हात बहुधा फुकट घेतले जात. संस्कृत ‘विष्टि’ची झाली ‘वेठ’. फारसीत त्यालाच ‘बेगार’. दोन राजवटींनी दोन शब्द दिले, आणि मराठीने दोन्ही एकत्र करून ‘वेठबिगार’ हा शब्द केला. अर्थ एकच, ओझे दुहेरी. जर्मनीतही धन्याच्या शेतावर फुकट राबण्याला ‘फ्रोन’ असा स्वतंत्र शब्द होता. कारभाराच्या प्रत्येक वाड्याच्या भिंतीत हा शब्द चिणलेला आहे, आणि वाडा जपताना तोही जपला पाहिजे.

कर्जतने या शब्दांना उत्तरही दिले आहे. माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले हुतात्मा भाई कोतवाल, यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या धान्यव्याजातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या. सरकारची कोठी रयतेकडून धान्य घेत असे. इथे रयतेचीच कोठी झाली, गरजूला धान्य देणारी. शब्द जुना, मालक नवा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मे झाले. ‘कोतवाल’ म्हणजे मुळात कोटाचा पालक, ‘पाटील’ म्हणजे गावचा मुख्य. सरकारच्या कारभारातून आलेली दोन आडनावे त्या दिवशी सरकारविरुद्ध लढताना पडली. या दोन शब्दांना कर्जतमध्ये यापेक्षा मोठा अर्थ मिळालेला नाही.

कारभाराची ठाणी स्थिर नसतात. इंग्रजी अमलाच्या पहिल्या काही दशकांत या तालुक्याचे नाव नसरापूर होते. पुढे तालुक्याला कर्जतचे नाव मिळाले, आणि नसरापूर हे कर्जत तालुक्यातले एक गाव झाले. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली होती. इंग्रज खोपोलीला ‘कॅम्पूली’ लिहीत. कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आला १८९१ साली, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. खालापूर आज स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी तो कर्जतच्या पोटातला महाल होता आणि तिथे महालकरी बसत असे. ‘महाल’ म्हटले की डोळ्यांपुढे राजवाडा येतो. पण अरबीत ‘महल्ल’ म्हणजे प्रवासातले उतरण्याचे ठिकाण. राजा उतरला तर तो राजमहाल, आणि कारकून उतरला तर तो महसुली महाल. खालापूरचा महाल दुसऱ्या जातीचा. तिथे झुंबरे नव्हती, वह्या होत्या.

त्या वह्यांचे नाव ‘दफ्तर’. ग्रीक भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कातडे. कातड्यावर लिहीत, म्हणून कातडे म्हणजे लेख. फारसीतून तो दफ्तर होऊन आपल्याकडे आला आणि सरकारी कागदांच्या रुमालात बांधला गेला. आज कर्जतच्या शाळेत जाणारे मूल पाठीवर दप्तर घेते, तेव्हा अथेन्सपासून पेशव्यांच्या पुण्यापर्यंतचा रस्ता त्याच्या पाठीवर असतो.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. सुमारे १४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यातले सचिव, अमात्य, सेनापती आपल्याला आजही परके वाटत नाहीत. पण तालुका, मौजे, तर्फ, महसूल हे शब्द जागचे हलले नाहीत. याचे कारण मला असे वाटते. दरबारातला शब्द दरबारात बदलता येतो, कारण तिथे तो शब्द वापरणारी माणसे मोजकी असतात. शेताच्या बांधावरचा शब्द हजारो माणसांच्या तोंडी आणि लाखो कागदांवर असतो. त्याच्याशी हद्दी बांधलेल्या असतात, भाऊबंदकीचे निकाल बांधलेले असतात. तो बदलायचा तर जमिनीची ओळखच बदलावी लागते. २०२४ मध्ये राज्य सरकारने तलाठी हे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. पाटी बदलली, पण गावात विचारणारा अजून ‘तलाठी आले का?’ असेच विचारतो.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘चावडी’. कचेरी सरकारची असते, चावडी गावाची. मराठी, कानडी, तेलुगू आणि तमिळ या चारही भाषांत हा शब्द थोड्याफार फरकाने आहे, आणि दक्षिणेत तो वाटसरूंच्या निवाऱ्यालाही लावतात. कंपनी सरकारच्या इंग्रजांनी त्याचे ‘चौल्ट्री’ केले. चार खांब, वर कौले, समोर मोकळी जागा. पाटील-कुलकर्णी तिथे बसत, वसुली तिथे होई, वाद तिथे मिटत किंवा पेटत. घरातली गोष्ट बाहेर फुटली की ती ‘चावडीवर आली’ म्हणतात. सगळ्यांना ओसरीवर बसण्याचा हक्क सारखा नव्हता, हेही चावडीच्या आठवणीचा भाग आहे. वतने गेली. १९५१ मध्ये कुलकर्णी वतन बंद झाले, १९६३ च्या १ जानेवारीला पाटीलकीही संपली. तरी सातबारा गावासमोर मोठ्याने वाचून दाखवण्याला महसूल खाते आजही ‘चावडीवाचन’च म्हणते, आणि संगणकावरच्या नव्या व्यवस्थेला त्याच खात्याने ‘ई-चावडी’ हे नाव दिले. खांब आणि कौले गेली तरी शब्दाची गरज सरकारलाही संपलेली नाही.

जर्मनीत कारभाराच्या अशा शेतवाड्यांना कायद्याचे संरक्षण आहे. वारसा जपण्याचे काम तिथे प्रत्येक राज्याकडे असते. बव्हेरियाचा कायदा १९७३ चा आहे, आणि त्यात एकट्या इमारतीबरोबर इमारतींच्या समूहालाही स्थान आहे. म्हणून कचेरीबरोबर गोठा, कोठार आणि मधले अंगणही वाचते. आपल्याकडे केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. त्यांच्या संरक्षित याद्यांवर छाप पडते ती लेणी, गड आणि देवळांची. ती जपलीच पाहिजेत. पण राज्य चालते कसे, ते ज्यांत कळते ती घरे, म्हणजे चावड्या, जुन्या कचेऱ्या, कोठारे, महालकऱ्याची जागा, यांच्याकडे ‘जुनी पडकी इमारत’ म्हणून पाहिले जाते आणि नवे बांधकाम मंजूर झाले की ती पाडली जातात. कर्जत तालुक्यातली कोंढाण्याची लेणी पाहायला आपण लांबून येतो. गावच्या चावडीचा मात्र एक फोटोही कोणाकडे नसतो.

कर्जत, खालापूर आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यातल्या वाचकाला माझी विनंती आहे. आपल्या गावच्या चावडीचे, जुन्या कचेरीचे किंवा कोठाराचे ठिकाण म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्या. इमारत उभी असेल तर तिचा फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, खांब-तुळया लिहून ठेवा आणि ग्रामसभेत तिच्या जतनाचा ठराव मांडा. पाडणे टळणारच नसेल तर नव्या इमारतीवर निदान ‘चावडी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. आणि गावाच्या नावातला ‘तर्फ’, ‘बुद्रुक’ किंवा ‘खुर्द’ सोयीसाठी गाळू नका. तीनशे-चारशे वर्षांच्या कारभाराचा तो पुरावा आहे, आणि तो सांभाळायला एक पैसाही लागत नाही.